बुटांचा आवाज

१३ सप्टेंबर २००७, गुरुवार

आज घरी चोरी झाली. दिवसाढवळ्या, सकाळी दहाच्या सुमारास. गौरींसाठी नीलांबरीने कालच बँकेच्या लॉकरमधून दागिने आणले होते आणि नेहमीप्रमाणे तांदळाच्या डब्यात ठेवले होते. ही जागा कुणाला सुचणार नाही, अशी आमची इतक्या वर्षांची समजूत. मिशिगनमधल्या आमच्या या ट्रॉय गावातल्या यच्चयावत देशी बायकांची तीच समजूत असावी, कारण चोर इकडेतिकडे न शोधता थेट पँट्रीत गेले. डबा स्वयंपाकघराच्या मधोमध उपडा, बासमतीचा ढीग. टीव्ही, लॅपटॉप, माझा कॅमेरा, कशालाही हात लावलेला नाही.

नीलांबरी घरातच होती. बेसमेंटमध्ये कपड्यांच्या घड्या करत होती. ड्रायर थांबला आणि वर पावलं वाजली. तिला आधी वाटलं, मीच काहीतरी विसरून परत आलो. मग लक्षात आलं की पायांत बूट आहेत. आमच्या घरात बूट घालून कुणीच चालत नाही. आमच्या लेकीच्या, स्वानंदीच्या, अमेरिकन मैत्रिणीसुद्धा दारात काढतात. तेव्हा बूट म्हणजे परका माणूस, हे तिने तिथल्या तिथे ओळखलं. निरीक्षण चांगलं होतं, असं मी तिला सांगितलं.

तिने खालून कॉर्डलेसवरून मला फोन केला. दोनदा. आमच्याकडे कस्टमर ऑडिट चालू होतं, मी कट केला. जेवणाच्या सुट्टीत उलट फोन केला तेव्हा ती अजून खालीच होती, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे. चोर जाऊन बराच वेळ झाला असणार. मग मी तिला ९११ ला, पोलिसांना, फोन करायला सांगितलं.

खरं तर तिने आधी तेच करायला हवं होतं. मी तिकडे प्लँटवर, मला फोन करून काय उपयोग? एवढी शिकलेली बाई, इतकी वर्षं या देशात काढलेली.

पोलीस आला तो कोवळा पोरगा होता, लाल गालांचा. तांदळावरूनच बुटांनी चालला. नीलांबरी सारखी त्याच्या पायांकडे बघत होती. गॅरेजचं दार वर उचललेलंच होतं, तिथून आत शिरले असावेत, म्हणाला. सकाळी त्या दाराने शेवटी बाहेर पडलो तो मी. यावर घरात चर्चा झाली नाही.

१५ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. आरतीला नेहमीची मंडळी आली. मोदकांपेक्षा चोरीचीच चर्चा जास्त. प्रत्येकाकडे एक सल्ला होता. अलार्म बसवा, कुत्रा पाळा, सगळं विकून टाका आणि फंडात घाला. शोभना नीलांबरीची जुनी मैत्रीण, इथे दोन गल्ल्या सोडून राहते. तिने फक्त विचारलं, "तू किती वेळ बसली होतीस गं खाली?" नीलांबरी म्हणाली, "घड्याळ नव्हतं."

मी मधेच म्हणालो की आता मी मनावर घेतलं आहे, बंदोबस्त करतो. सगळ्यांना बरं वाटलं.

२३ सप्टेंबर, रविवार

गौरी-गणपती आटोपले. गौरींना यंदा मोत्यांच्या माळांवर भागवलं.

एक गोष्ट लक्षात आली. नीलांबरी बेसमेंटमध्ये उतरत नाही. तसं ती बोललेली नाही. कपड्यांचा ढीग साठत गेला आणि शेवटी माझ्याकडे ऑफिसला घालायला शर्ट उरला नाही तेव्हा समजलं. मीच खाली जाऊन दोन लोड लावले. पांढऱ्यात तिचा एक लाल ब्लाउज गेला, त्यामुळे सध्या आमच्याकडे सगळे टॉवेल गुलाबी आहेत. ती बघून काही म्हणाली नाही. एरवी याच्यावर निदान आठवडाभर बोलणी खाल्ली असती.

संध्याकाळी स्वानंदीचा कॉलेजातून, ॲन आर्बरहून फोन. आईशी तासभर बोलली, मग माझ्याशी दोन मिनिटं. मी तिला सांगितलं की अशा वेळी प्रोसीजर माहीत असणं महत्त्वाचं, आईने घाबरून चुकीच्या नंबरला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, शी कॉल्ड यू. ट्वाइस." मी म्हटलं, तेच तर सांगतोय. "ओके, व्हॉटेव्हर," म्हणाली आणि ठेवला. या वयात मुलांना कसली घाई असते कळत नाही.

२९ सप्टेंबर, शनिवार

शॉटगन घेतली. पंप-ॲक्शन, बारा गेज. दुकानदार म्हणाला की नळीखालचा पंप मागेपुढे ओढला की जो खटॅक आवाज होतो, त्यानेच चोराची पाचावर धारण बसते. त्याने करून दाखवलं. दुकानातलं एक लहान मूल रडायला लागलं.

नीलांबरीशी वाद होणार म्हणून वाटेत गाडीत सगळे मुद्दे जुळवून आणले होते. ती हात पुसत आली, पेटीत बघितलं आणि म्हणाली, "देवाच्या खोलीत नको."

"वर आपल्या क्लोजेटमध्ये ठेवतो. कुलूप लावून."

"तुम्ही दिवसभर प्लँटवर असता. ही चालवणार कोण?"

"तू पण शीक ना."

"मला नाही शिकायचं."

मुद्दा तिचाच बरोबर होता. चोर आले ते गुरुवारी सकाळी. शनिवार-रविवार मी घरी असतो तेव्हा येतील याची खात्री देता येत नाही. तरीपण घरात काहीतरी आहे म्हटल्यावर मला स्वतःला फार बरं वाटतंय. रेंजवर चार रविवारांचा कोर्स असतो, घरात राहून घराचं रक्षण कसं करायचं त्याचा. नाव घातलं.

१४ ऑक्टोबर, रविवार

पहिला वर्ग. रेंज उत्तरेला तासाभरावर, मक्याच्या कापलेल्या शेतांमधून रस्ता. घोट्यावरचे जाड बूट सक्तीचे, म्हणून काल नवे घेतले. वेंडेल नावाचा शिक्षक, शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेला. अंगाने मोठा, बोलायला संथ. वर्गात एक नर्स, एक बापलेक, दोन म्हाताऱ्या बहिणी आणि बाकी माझ्यासारखे पोट सुटलेले गृहस्थ.

वेंडेलने प्रत्येकाला विचारलं, का आलात? मी चोरीचं सांगितलं.

"घरी कोण होतं?"

"बायको."

"मग ती कुठेय?"

सगळे हसले. मीही हसलो. तिला आवड नाही म्हटलं.

पहिला बार काढला तेव्हा खांद्याला म्हशीने ढुशी दिल्यासारखं झालं. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबून धरायचा, गाल त्याला टेकवायचा, अंगाचा भार पुढे. मी उभा होतो पोस्टात रांगेत उभं राहावं तसा. वेंडेलने पाठीवर दोन बोटं टेकवून पुढे झुकवलं. नंतर जमलं.

एक गोष्ट आवडली. मला वाटायचं शॉटगनचे छर्रे फवाऱ्यासारखे पसरतात, तेव्हा नेम फारसा लागत नाही. वेंडेलने खोलीच्या लांबीवरून कागदावर बार काढायला लावला. भोक मुठीएवढं. मी खिशातली पट्टी काढून मोजलं. "तू इंजिनियर आहेस," वेंडेल म्हणाला. त्याने हेही सांगितलं की पंपाच्या आवाजाने चोर पळतो यावर त्याचा अजिबात विश्वास नाही. दुकानदाराचं नाव मी सांगितलं नाही.

खांदा काळानिळा. नीलांबरीने आंबेहळदीचा लेप लावून दिला. लावताना काही विचारलं नाही. मीच सगळं सांगत होतो.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

वेंडेलचं म्हणणं, बंदूक घेऊन घरभर चोर शोधत फिरणारा माणूस मूर्ख. एक खोली ठरवायची, आत जायचं, दार लावायचं, पोलिसांना फोन करायचा आणि फोन चालू ठेवून बसायचं. बंदूक फक्त त्या दारापुरती.

ऑफिसातून लवकर येऊन मी बेसमेंटमधल्या लाँड्रीच्या खोलीला आतून जाड कडी बसवली. भिंतीवर वायरचा फोन लावला, म्हणजे कॉर्डलेसची बॅटरी गेली असं व्हायला नको. मग नीलांबरीला बोलावलं. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली, खाली आली नाही. तिथूनच समजावलं.

"वर परका आवाज आला की काय करायचं?"

"दार लावायचं, कडी घालायची."

"मग?"

"नाइन वन वन."

"ठेवायचा नाही. ते सांगत नाहीत तोपर्यंत दार उघडायचं नाही. हाक मारली तरी नाही, कुणीही असो."

"बरं." मग तिने विचारलं, "आणि तुम्हाला?"

"काय मला?"

"तुम्हाला फोन कधी करायचा?"

"मला सगळ्यात शेवटी. मी तिथून काय करणार आहे?"

तिने मान हलवली. पुन्हा एकदा सगळं क्रमाने म्हणून दाखवलं, एकही पायरी न चुकता. इतकं चांगलं आमच्या प्लँटवरचे लोकही पाठ करत नाहीत. मी शाबास म्हणालो.

२० ऑक्टोबर, शनिवार

खंडेनवमी. नीलांबरीने दरवर्षीप्रमाणे पाटावर हत्यारं मांडली. विळी, सुऱ्या, शिवणाचं मशीन, माझा व्हर्नियर, ड्रिल, लॅपटॉप. दोन्ही गाड्यांना हार. मी दुपारभर पानं गोळा करण्यात होतो. मेपलची, अंगणातली. बाकी उत्साह यथातथाच. पूर्वी ती या दिवशी कडाकणी करायची, यंदा दुकानचे पेढे.

२१ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याच्या दिवशी माझी शोभा झाली.

बार काढण्याआधी वेंडेल प्रत्येकाची नळी उजेडाकडे धरून आतून बघतो. माझी बघितली, पुन्हा बघितली आणि टेबलावर तोंड खाली करून ठोकली. आतून तांदूळ पडले. कुंकवाने लाल झालेले. पाठोपाठ झेंडूची एक पाकळी.

वेंडेलने एक दाणा बोटावर घेतला. "सर, हे काय आहे?"

मी सांगितलं की आमच्याकडे वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात, तांदूळ वाहतात. बायकोने केली असणार. म्हाताऱ्या बहिणींपैकी एक म्हणाली, किती छान, आमच्या गावचा पाद्री ट्रॅक्टरवर पाणी शिंपडतो. वेंडेल मात्र हसला नाही. नळीत काही अडकलेलं असताना बार काढला तर नळी हातात फुटू शकते, म्हणाला. तांदळाने बहुधा काही झालं नसतं. पण चार दाण्यांच्या जागी चिंधी असती, तर? मला बाजूला बसवून पूर्ण साफ करायला लावली. बाकीच्यांनी दोन राउंड जास्त मारले.

पण क्लोजेटची किल्ली तर माझ्याकडे. घरी येऊन विचारलं.

"दुसरी किल्ली कुलपाच्या रिकाम्या खोक्यातच होती की. दुकानदार दोन देतो." नीलांबरी पोळ्या लाटत होती.

"अगं, पण तुला ती घरात नको होती ना? मग पूजा कशाला?"

"आली ना आता घरात. विळीची केली, तुमच्या व्हर्नियरची केली. ती एकटी कशाला उपाशी?"

"नळीत तांदूळ कुणी टाकतं का!"

"टाकले नाहीत, वाहिले. आत जायचे ते गेले." मग लाटणं थांबवून म्हणाली, "मी हात जोडले तिला. म्हटलं, हे तुला घेऊन रविवारी जातात ते धड परत येऊ देत."

मला रागवायचं होतं, ते राहून गेलं. मेपलची पानं सोनं म्हणून तिच्या हातात दिली. तिने वाकून नमस्कार केला आणि पोळी करपली.

२८ ऑक्टोबर, रविवार

आज ओरडायचा वर्ग. समोरच्याला आधी मोठ्याने बजावायचं असतं, थांब, माझ्याकडे बंदूक आहे, पोलीस येताहेत. नर्सने असा आवाज लावला की माझे हात आपोआप वर जायला आले. माझी पाळी आली आणि दातखीळ बसली. प्लँटवर मी कुणावर आवाज चढवत नाही, ईमेल पाठवतो. वेंडेल म्हणाला, "तुझ्या भाषेत ओरड." मग आलं एकदम, "कोण आहे रे तिकडे!" आमचे वडील गोठ्यात कुत्रं शिरलं की ओरडायचे तसं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी वेंडेलने एक गोष्ट दोनदा सांगितली. पोलीस येतात तेव्हा त्यांना घराचा मालक कोण हे ठाऊक नसतं. त्यांना दिसतो फक्त बंदूक असलेला माणूस. म्हणून शस्त्र सोडा, रिकामे हात दाखवा, हलू नका, शहाणपणा शिकवू नका. हे बोलताना त्याने सगळ्यांवर नजर फिरवली आणि माझ्यावर थोडा वेळ ठेवली. का, ते मला कळलं. बाकीच्यांनाही कळलं असावं, कारण दोघातिघांनी आपापले बूट तपासले.

३१ ऑक्टोबर, बुधवार

हॅलोवीन. दरवर्षी नीलांबरी मोठी चॉकलेटं वाटते, पोरं लांबून आमच्याकडे येतात. यंदा तिने बाहेरचा दिवा लावलाच नाही. आम्ही अंधारात जेवलो. दारावरून पोरांचे आवाज येत-जात होते. दिवा नसलेलं घर पोरं सोडून देतात, हा इथला शिरस्ता बरा आहे. आणलेली चॉकलेटं उद्या ऑफिसात नेईन.

नंतर तिने विचारलं की बेसमेंटची ती कडी आतून नीट बसते ना. मी हो म्हणालो. "बघते रविवारी. तुम्ही नसताना एकदा जाऊन बघते. तसं गेले तरच भीती मोडेल."

तीन रविवारांचं चीज झालं, असं वाटलं.

४ नोव्हेंबर, रविवार

आजच लिहायला हवं.

परीक्षा पास झालो. बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला म्हणून वेंडेलने दुपारीच सोडलं. सगळ्यांनी हात मिळवले. येताना देशी दुकानात थांबून काजूकतली घेतली. पाचला येतो असं सांगून गेलो होतो, पोचलो दोनच्या आत.

गॅरेजमधून आत शिरलो तेव्हा एका हातात बंदुकीची पेटी, दुसऱ्यात मिठाई, काखोटीला माझा शेवटचा कागद, मधोमध सुबक भोक पडलेला. तो नीलांबरीला दाखवायची घाई झाली होती. हाक मारली. उत्तर आलं नाही. खाली ड्रायर फिरत होता. म्हणजे ती खाली गेली होती, एकटी, जवळजवळ दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की खाली जाऊन विरस नको म्हणून वरच थांबलो. बेडरूममध्ये जाऊन आलो. जेवणघरात कागद कुठे टेकवून ठेवावा म्हणून दोन-तीन जागा बघितल्या. चिवड्याचा डबा काढून उभ्याउभ्या बकाणे भरले. मधेच ड्रायर थांबला, ती वर येईल म्हणून वाट बघितली, आली नाही. पेटी भिजली होती, म्हणून ओट्यावर उघडून फडक्याने बंदूक पुसायला घेतली.

या सगळ्या वेळात माझ्या पायांत बूट होते.

खिडकीतून पोलिसांची गाडी दिसली. शेजाऱ्यांकडे काहीतरी झालं असेल असं मला खरोखर वाटलं. मग गॅरेजच्या दारातून आवाज आला, हात वर! दोघे होते, दोघांच्याही पिस्तुलांची तोंडं माझ्याकडे. बंदूक ओट्यावर, माझ्या हातात फडकं. मला म्हणायचं होतं, हे माझं घर आहे. तोंडात चिवडा होता. वेंडेलचं बोलणं आठवलं एवढंच खरं. फडकं सोडलं, बोटं पसरून हात वर केले, सांगतील तसा गुडघ्यांवर आलो, मग पालथा झालो. बेड्या पडल्या. गाल फरशीला टेकला आणि समोर माझ्याच बुटांच्या चिखलाची रांग दिसली, दारापासून ओट्यापर्यंत, तिथून जिन्याकडे. तेव्हा कळलं.

मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. मरणाला नव्हे, तिला. म्हणजे तिने वर येऊन मला बघण्याला.

एक पोलीस खाली गेला, कडी वाजवून नाव सांगितलं. ती जिना चढून आली. चेहरा पांढराफटक, हातात धुतलेला उशीचा अभ्रा. त्याने विचारलं, या माणसाला ओळखता का? तिने आधी माझ्या पायांकडे बघितलं. मग चेहऱ्याकडे.

"ही इज माय हजबंड," ती म्हणाली. आणि मला म्हणाली, "बूट."

दुसरा पोलीस तोच होता, चोरीच्या वेळचा लाल गालांचा पोरगा. त्याने बेड्या काढल्या, सॉरी म्हणाला, मीही सॉरी म्हणालो. जाताना नीलांबरीला म्हणाला, "मॅम, यू डिड एव्हरीथिंग राइट."

ते गेल्यावर मी बूट काढून गॅरेजमध्ये ठेवले. ती फरशी पुसायला बसली. मी फडकं मागितलं, तिने दिलं नाही. मी वर किती वेळ फिरत होतो ते तिने सांगितलं; मी पेटीचा खटका उघडला तोही तिला ऐकू आला होता. तो आवाज बंदुकीचा, हे तिला माहीत होतं, कारण घरी मीच दहादा उघडून दाखवली होती.

माझा फोन खिशात होता, चालू. सबंध वेळ. काढून बघितला. एकही मिस्ड कॉल नव्हता.

"मला एक फोन करून बघायचास," मी म्हणालो. "खिशातच वाजला असता. वरच्या वर कळलं असतं."

तिने फडकं पिळलं. "तुम्हाला सगळ्यात शेवटी करायचा ना? तुम्हीच सांगितलंत."

टोमणा नव्हता तो. साधं उत्तर होतं. कोर्सच्या हिशेबाने तिचं सगळं बरोबरच होतं. एवढं बरोबर वागलेलं माणूस बघून मला रडू यावं, याचा अर्थ मला लावता येईना. सिंकचा नळ सोडून उभा राहिलो. ती फरशी पुसत राहिली.

काजूकतली अजून गाडीतच आहे, नाही, ओट्यावर आहे. कुणी उघडलेली नाही.

५ नोव्हेंबर, सोमवार

शॉटगन क्लोजेटमध्ये, कुलपात. विकायची का, यावर बोललो नाही. दोन्ही किल्ल्या नीलांबरीच्या मसाल्याच्या डब्यात ठेवल्या, तिच्या देखत.

गॅरेजचं दार सकाळी मी उघडं टाकून गेलो होतो, चोरीच्या दिवशी. हे तिला आज सांगितलं. "माहितीये," म्हणाली.

७ नोव्हेंबर, बुधवार

उद्या नरकचतुर्दशी. स्वानंदी रात्री येतेय.

आज वर्षअखेरची मोठी मीटिंग होती. मी उभा राहून आलेख समजावत होतो, व्हाइस प्रेसिडेंट पहिल्या खुर्चीत. खिशात फोन थरथरला. बघितलं, घरचा नंबर. हात नेहमीच्या बटणाकडे गेला. मग दुसरं दाबलं. सगळ्यांसमोर मराठीत म्हणालो, "हं, बोल."

पलीकडे काहीच नाही. श्वास ऐकू येत होता.

"नीलांबरी? काय झालं? बरी आहेस ना?"

"उचललात?" ती म्हणाली.

"हो. बोल."

"काही नाही. येताना कोथिंबीर आणाल?"

"आणतो. किती?"

"एक जुडी." मग विचारलं, "मीटिंग होती का?"

"होती. चालेल. आणखी काही?"

"नाही. या."

व्हाइस प्रेसिडेंटने भुवया उंचावल्या होत्या. घरून होता, म्हणालो, आणि आलेख पुढे चालू केला. त्याबद्दल बोलणी बसतील ती बसोत.

येताना कोथिंबीर घेतली. घरी आलो, बूट गॅरेजमध्येच काढले. नीलांबरी खाली होती, ड्रायर चालू होता, बेसमेंटचं दार सताड उघडं. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन "मी आलोय गं" म्हणून ओरडलो, वेंडेलने शिकवलेल्या आवाजात. खालून "हो" आलं.

कोथिंबीर ठेवायला फ्रिज उघडला. आत दोन जुड्या होत्या, ताज्या, निवडून कागदात गुंडाळलेल्या. तिसरी त्यांच्याशेजारी ठेवली आणि दार लावलं.